दारावर आधी आपलं नाव लावा

जर्मनीत श्टुटगार्टला नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी २००९ साली साताऱ्याहून आले.

सामान आत टाकाल त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव लावा. इथे पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. मी आधीच्या भाडेकरूची चिठ्ठी तशीच राहू दिली. राहण्याच्या परवान्यासाठी कधी यायचं ते कळवणारं पत्र परत गेलं, तारीख हुकली, व्हिसा संपला. त्याच मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. तिकडे अक्षता पडत होत्या आणि मी इथे फोन कानाला लावून मंगलाष्टकं ऐकत होते. एका चिठ्ठीपायी. हाताने लिहा, चिकटपट्टीने लावा, पण आजच लावा.

१४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन. बाकी कागदपत्रं तुम्ही कराल.

जड जातं ते पुढेच. आठ-आठ दिवस कुणी नावाने हाक मारत नाही. सातारला भाजी आणायला निघालं तरी वाटेत चौघं विचारतात, ‘काय, कुठं निघालीस?’ इथे नव्या माणसाने स्वतः शेजाऱ्यांची बेल वाजवून ‘मी अमुक, वर राहायला आले’ असं सांगायचं असतं. मला हे माहीत नव्हतं. शेजारी येतील म्हणून मी वर्षभर वाट पाहिली. खालच्या आजी माझी वाट पाहत होत्या. मग एकदा त्यांनी जिना झाडण्या-पुसण्याच्या पाळीची पाटी माझ्या दाराला अडकवली. या पाळीला केरवोखे म्हणतात, नावातच आपला केर आहे. मी पायऱ्या पुसत होते तेव्हा त्या बाहेर आल्या आणि माझं आडनाव नीट म्हणायला शिकल्या. त्या दिवशी मला हे घर आपलं वाटलं.

डॉक्टरांकडे बसायच्या खोलीत शिरताना सगळ्यांना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणजे इथला नमस्कार म्हणा. दुपारी ऑफिसात कुणी ‘मालत्साइट’ (जेवणाच्या वेळचा नमस्कार) म्हटलं तर तेच परत म्हणा. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच न्यायचा. आदल्या दिवशी शुभेच्छा मात्र देऊ नका, अपशकुन मानतात.

साहेब कौतुक करत नाही म्हणून रात्री जागू नका. इथल्या श्वाबी लोकांची म्हणच आहे की रागावलो नाही, यातच कौतुक आलं. वेळ मागून घ्या आणि ‘माझं काम कसं वाटतं?’ असं विचारा. स्पष्ट सांगतात.

माझा राग आहे तो आपल्याच लोकांवर. गणपतीला शंभर जण जमतात, आणि एरवी शहरातल्या रेल्वेत आपला माणूस दिसला की खिडकीबाहेर बघतात. नव्याने आलेल्या पोराला त्या वेळी एक ‘काय, कसं चाललंय?’ किती पुरतं, हे मला माहीत आहे. तुमचं मराठी माझ्या कानावर पडलं तर मी विचारणारच, ‘कुठले तुम्ही?’