सतार शिकताना नवशिकेपण कसे जपावे

प्रौढ वयात सतार हाती घेतल्यावर सर्वांत जड जाते ते आपल्याला काहीच येत नाही हे चारचौघांना दिसणे. मी सांगलीत चाळिशीनंतर शिकू लागलो, तेव्हा लहानपणी पेटी वाजवलेली असल्याने सुरांची ओळख होती, आणि त्या भरवशावर मी अलंकार, म्हणजे सुरांचे सरावाचे पलटे, अर्धवट सोडून दुसऱ्याच महिन्यात भजने वाजवू लागलो. सहाव्या महिन्यात मनगट आखडले, उजव्या हाताच्या ‘दा’ आणि ‘रा’ या दोन मूळ आघातांपैकी ‘रा’ ‘दा’पुढे लुळा पडू लागला आणि ती सवय मोडण्यात पुढचे वर्ष गेले. कोऱ्या हाताला चुकीचे वळण नसते, म्हणून हे पहिले महिने उरकून न टाकता पुरेपूर वापरावेत, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

सतार घेण्यासाठी मिरजेला जावे आणि शक्य असल्यास गुरूंना सोबत न्यावे. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये बनवण्यास सुरुवात केली; लोखंडाला सरावलेले हात भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळले, म्हणजे या गावाची विद्याही कोणाच्या तरी नवशिकेपणातूनच उभी राहिली आहे. सतारमेकरांकडे गेल्यावर ‘जवारी म्हणजे काय’ हे निःसंकोच विचारावे. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग किंचित घासला की तार तिला कशी स्पर्श करते ते बदलते आणि नाद खुला किंवा बंद होतो, हे त्यांच्या हाताखाली घडताना ऐकावे. दहा वर्षे वाजवणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याची लाज वाटते, तुम्हाला ती वाटण्याचे कारण नाही.

बैठक पहिल्याच दिवशी नीट करून घ्यावी. उजव्या हाताचा पुढचा भाग भोपळ्यावर टेकून वाद्य तोलावे आणि दांडीचा भार डाव्या हातावर येऊ देऊ नये, कारण पुढे मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणे, घेताना तो हात पूर्ण मोकळा लागतो. डाव्या हाताची फक्त तर्जनी आणि मधले बोट वापरावे, तार पडद्याच्या, म्हणजे दांडीवरील आडव्या धातूच्या पट्टीच्या, अगदी लगत दाबावी आणि बोटाला थोडे खोबरेल तेल लावावे.

खरा वेळ द्यावा तो उजव्या हाताला. तर्जनीत नखी घालून केवळ मोकळ्या बाजाच्या (मुख्य) तारेवर, आत ओढून ‘दा’ आणि बाहेर नेऊन ‘रा’, असे सोळा आघात संथ लयीत वाजवावेत आणि डोळे मिटून दोन्हींचा आवाज सारखा येतो का ते ऐकावे. या वेळी बोटे कुठे ठेवायची याची चिंता नसल्याने कान मोकळा असतो. तार विरत जाताना तिच्यामागे तरफांचा, म्हणजे खालच्या आपोआप कंप पावणाऱ्या तारांचा, झंकार कसा उरतो, हे मला त्याच दिवसांत प्रथम नीट ऐकू आले. पुढे गत (तालात बांधलेली रचना), तान आणि ताल यांचा व्याप वाढल्यावर असे ऐकायला सवड राहत नाही. दोन आघातांतील फरक मिटेपर्यंत सरगमकडे वळू नये, मग त्याला तीन आठवडे लागोत वा तीन महिने.

सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे इतका रियाज आरंभी पुरतो. बोटाच्या टोकावर घट्टा पडेपर्यंत दुखते, तेव्हा हट्टाने तासभर बसू नये. परीक्षा द्यायची असल्यास गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासूनच सुरुवात करावी, शेजारी लहान मुले बसली असली तरी. आपल्या वयाला शोभत नाही म्हणून वरच्या परीक्षेला बसण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते तोच सर्वाधिक नुकसान करतो.

एक वही ठेवावी व रोज न कळलेली एकच गोष्ट तीत लिहून पुढच्या तालमीला गुरूंपुढे मांडावी. माझ्या वहीतील पहिला प्रश्न ‘बाजाची तार मध्यमात का मिळवतात’ हा होता. गुरुजींनी त्या दिवशी मला काही वाजवू दिले नाही, एकेक तार छेडून तासभर ऐकवली.