गल्ली खोदण्याआधी दुकानांची तयारी

मुंबईत सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांची कामे साधारण पावसाळा संपल्यावर सुरू होतात आणि 31 मेच्या आत उरकायची घाई असते. म्हणजे खोदकाम नेमके दिवाळीच्या खरेदीवर येऊन आदळू शकते. त्यामुळे व्यापारी मंडळाने आधी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा: खोदकाम दिवाळीनंतर सुरू करा आणि रुंदी पुरत असेल तर रस्ता अर्धा-अर्धा घ्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. तोंडी आश्वासन अभियंत्याच्या बदलीबरोबर जाते.

कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडून दोन तारखा वेगवेगळ्या विचाराव्यात, काँक्रीट ओतण्याची आणि गाड्या सोडण्याची. काँक्रीटला पुरेशी ताकद यायला 28 दिवस धरतात, तोवर टेम्पो दारात येणार नाही. तेल, साखर, पिठाच्या गोण्या असा जड माल खोदाईआधीच भरून ठेवावा. नाशवंत माल मात्र उलट कमी करावा, कारण पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक हमखास घटते.

खरी गोम रस्त्याच्या उंचीत असते. जुना थर न काढता वर नवा चढवला, तर रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि जूनमध्ये पाणी थेट दुकानात शिरते. गवंडी पातळी मोजायला वापरतो त्या पाणी भरलेल्या नळीने उंबऱ्याची पातळी समोरच्या भिंतीवर रंगाने आखावी, फोटो काढावा आणि तयार रस्त्याची पातळी अभियंत्याकडून लेखी मागावी. उतार पावसाळी गटाराच्या चेंबरकडे आहे ना, हे काँक्रीट पडण्याआधीच पाहावे. नंतर फोडायला कोणी येत नाही. पाण्याची जोडणी आणि विजेची केबल कुठून येते त्याचेही मोजपट्टी ठेवून फोटो काढून सुपरवायझरला द्यावेत. जेसीबीचा दात नळ पाहून चालत नाही.

दारातल्या खड्ड्यावर प्लायवुडचा तुकडा टाकू नये. भिजला की तो फुगतो, वाकतो. दोन्ही टोकांना पक्का बसवलेला लोखंडी पत्रा, तीन फूट रुंद, एका बाजूला कठडा, एवढे कंत्राटदाराकडून करून घ्यावे. म्हातारी माणसे तेवढ्यावरच आत येतात.

बॅरिकेडच्या पत्र्यांमागे पाटी दिसेनाशी झाली की लोक दुकान बंद समजतात. नाक्यावरच्या दुकानाच्या शटरच्या वर ‘दुकाने सुरू आहेत’ असा फलक लावावा, त्यावर दुकानांची नावे आणि चालत यायची बाजू. खांबावर लावला तर पालिका उतरवेल. गूगल मॅपवरही दुकान चालू असल्याचे तपासावे. खोदाईत इंटरनेटची केबल तुटतेच, तेव्हा यूपीआयसाठी दुसऱ्या कंपनीचे सिम आणि गल्ल्यात सुट्टे पैसे हवेत.

रहिवाशांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुकानांचे नंबर टाकावेत आणि शक्य असेल त्यांनी महिन्याच्या किराण्याचे पैसे आगाऊ द्यावेत. पाच-सहा दुकानांनी मिळून घरपोच माल देणारा एक पोरगा ठेवला तर खर्च परवडतो. त्याची सायकल नाक्यावर उभी राहील अशी जागा आधी ठरवावी.

बँकेचा हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन बोलावे. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की बँक कर्जखाते बुडीत (एनपीए) धरते. विम्यावरही विसंबू नये: दुकानाच्या मालाला वा इमारतीला प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय, नुसत्या रोडावलेल्या धंद्यासाठी पैसे सहसा मिळत नाहीत.