व्यायाम सांगण्याआधी माणूस नीट पाहावा

बडोद्यात तालमीची परंपरा जुनी आहे. मात्र आज प्रशिक्षकाकडे येणारा माणूस बहुधा पन्नाशी उलटलेला, दिवसभर बसून काम करणारा आणि रक्तदाबाची गोळी घेणारा असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याला जोर-बैठका सांगणे योग्य नव्हे.

पहिली भेट विचारपूस आणि मोजमाप यांसाठीच ठेवावी. छातीत दुखणे, चक्कर, जुनी शस्त्रक्रिया आणि चालू औषधे यांची लेखी नोंद घ्यावी. छातीत दुखत असल्यास डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत कोणतीही चाचणी करू नये. औषधांविषयी मी खोदून विचारतो. शिकाऊ असताना कमाटीबागेत एका काकांची नाडी वाढेना म्हणून मी त्यांना अधिकाधिक वेगाने चालवत राहिलो, आणि ते मटकन बाकावर बसले तेव्हा कळले, की ते बीटा-ब्लॉकर घेत होते. या औषधाने नाडी दबलेलीच राहते. अशा व्यक्तीला श्रम किती जाणवतात हे विचारून वेग ठरवावा.

मग पाच मिनिटे शांत बसवून नाडी व रक्तदाब घ्यावा आणि कंबरेचा घेर मोजावा. पायांच्या ताकदीसाठी, भिंतीला टेकवलेल्या सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीशी दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. उठताना गुडघे आत वळतात का, भार एकाच पायावर जातो का, हेही पाहावे. मला आकड्यापेक्षा हे अधिक मोलाचे वाटते.

तीव्रतेसाठी वयाला ०.७ ने गुणून येणारा आकडा २०८ मधून वजा करावा. वय ५८ असेल, तर कमाल नाडी सुमारे १६७ येते. विश्रांतीची नाडी ७२ असल्यास फरक ९५. त्याचे ४० ते ५९ टक्के ७२ मध्ये मिळवले, की मध्यम व्यायामाची कक्षा ११० ते १२८ ठरते. हा अंदाज आहे, म्हणून चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही खूणही सांगून ठेवावी.

आठवड्याला १५० मिनिटे हे उद्दिष्ट असले, तरी बैठ्या माणसाची सुरुवात रोज दहा मिनिटांच्या चालण्याने करावी. दोन दिवस ताकदीचा व्यायाम द्यावा. खुर्चीवरून उठणे जड जात असेल, तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी आणि आठ-दहा वेळांच्या दोन फेऱ्या कराव्यात. सहा आठवड्यांनी उशी काढून, त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजावे.