सायकलच्या फ्रेमवर वाळलेले भिंतीच्या रंगाचे शिंतोडे कसे निघाले

गणपतीआधी बेळगावात शहापूरच्या आमच्या घराला इमल्शन मारलं आणि पडवीतल्या सायकलच्या काळ्या फ्रेमवर पांढरे शिंतोडे वाळून घट्ट बसले. साबणपाण्याने हलले नाहीत, रॉकेलने नुसता वास राहिला. थिनरने नावाचा स्टिकर विरघळला तेव्हा फार वाईट वाटलं; सायकल वडिलांनी घेऊन दिलेली.

वाळलेलं इमल्शन पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने मऊ पडतं. औषधाच्या दुकानातून तसलंच एक स्पिरिट, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणलं.

आधी फ्रेम धुऊन कोरडी केली, नाहीतर धुळीनेच ओरखडे पडतात. पेडलच्या खाली, न दिसणाऱ्या जागी पुसून पाहिलं. कापसावर काळा रंग उतरला नाही. मग भिजवलेला कापूस एकाच डागावर साधारण 1 मिनिट दाबून धरला. डागाची कड सुरकुतली की जुन्या एटीएम कार्डाने आडवं ढकलायचं. अख्खी खपली निघते. जोर लावू नका, निघाली नाही तर पुन्हा कापूस ठेवा. स्टिकरपासून लांब राहा. हे काम उघड्यावर करा, जवळ आग नको.

शेवटी फ्रेम धुऊन मेणाचं पॉलिश लावलं. ते रिमला लागलं तर ब्रेक धरत नाही.