बनियनची केस आणि नवा रेसिडेंट

पहिल्या वर्षाला ऑपरेशनच्या (ओटी) लिस्टवर 'बनियन' वाचलं तेव्हा मला गंजीफ्रॉकच आठवला होता. हसू नका. ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागातल्या रेसिडेंटचे (शिकाऊ डॉक्टरचे) दिवस-रात्र मोडलेल्या मांड्या आणि नडग्या जोडण्यातच जातात. बनियनची, म्हणजे पायाच्या वाकड्या अंगठ्याची आणि त्याच्या बुडाशी दिसणाऱ्या उंचवट्याची केस क्वचित वाट्याला येते. आली की मात्र सगळे त्या उंचवट्याकडेच बघत बसतात. मीही तेच केलं.

तो उंचवटा म्हणजे काही नवीन उगवलेलं हाड नव्हे. पहिलं मेटाटार्सल, म्हणजे अंगठ्यामागचं पावलातलं लांब हाड, दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं, अंगठा उलट शेजारच्या बोटाकडे कलतो आणि मेटाटार्सलचं डोकं (पुढचं गोल टोक) कातडीखाली वर येतं. नुसतं ते तासून काढलं तर हाडाची रेष वाकडी ती वाकडीच राहते.

म्हणून आधी कोन मोजायला शिका. अंगठा आणि पहिलं मेटाटार्सल यांच्यातला कोन साधारण १५ अंशांच्या आत हवा, पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलमधला ९ च्या आत. एक्स-रे उभं राहूनच काढायचा. झोपून काढला की पायावर भार नसतो आणि कोन कमी दिसतात. मी पहिल्यांदा झोपवून काढलेली फिल्म घेऊन गेलो, तर सरांनी एवढंच विचारलं, "पेशंट काय झोपून चालतो?"

हाड सरळ करायला त्यात कुठला छेद कधी घ्यायचा, हे पुस्तकात मिळेल. थोडक्यात, सौम्य वाकडेपणाला डोक्याजवळचा 'व्ही'च्या आकाराचा शेव्हरॉन, त्याहून जास्तीला हाडाच्या दांड्यातला 'झेड'च्या आकाराचा स्कार्फ, आणि खूप जास्त असेल किंवा मेटाटार्सलच्या बुडाचा सांधा ढिला असेल तर तो सांधाच जखडणारा लॅपिडस.

मी जिथे चुकलो ती गोष्ट वेगळी. एका बाईंच्या शस्त्रक्रियेत मी मदतीला होतो. अंगठा सुतासारखा सरळ, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) कोनही बरा. मी खूश. पण मेटाटार्सलच्या डोक्याखालच्या वाटाण्याएवढ्या दोन हाडांकडे, सेसमॉइडकडे, मी बघितलंच नव्हतं. ती हाडं फारशी हलत नाहीत, डोकंच त्यांच्यावरून घसरतं. बाहेरचं, म्हणजे करंगळीच्या बाजूचं सेसमॉइड पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलच्या फटीत उघडं दिसत होतं, म्हणजे डोकं जागेवर आलंच नव्हतं. सहा महिन्यांनी बाई आल्या तेव्हा अंगठा पुन्हा कललेला. सेसमॉइड डोक्याखाली पूर्ण झाकली गेली नाहीत तर वाकडेपण परतण्याचा धोका वाढतो, हे जपानच्या ओकुदा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच लिहून ठेवलंय. मी ते नंतर वाचलं.

त्यांचाच २००७ चा निबंध डोक्याच्या बाहेरच्या कडेबद्दल आहे. ती गोल दिसली तर हाड स्वतःभोवती फिरलेलं असू शकतं. नुसतं बाजूला सरकवून हा पीळ जात नाही, तो वेगळा सोडवावा लागतो. लॅपिडसमध्ये ते तुलनेनं सोपं जातं.

जास्त दुरुस्ती हीही आफतच. अंगठा उलट्या दिशेला गेला तर चप्पल घालणं मुश्कील, आणि पेशंटला पहिलंच दुखणं बरं होतं असं वाटायला लागतं. मेटाटार्सल आखूड झालं किंवा डोकं वर उचललं गेलं तर भार दुसऱ्या बोटाखाली जातो, तिथे घट्टा पडतो. कोन बघून खूश झालेला माणूस लांबी बघायला विसरतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

टेबलावर एक युक्ती उपयोगी पडते: एक्स-रे आरपार जाईल अशी निर्जंतुक सपाट पाटी तळव्याला दाबून धरायची आणि मग सी-आर्मचा फोटो घ्यायचा. उभं राहिल्याचा थोडा तरी अंदाज येतो. हे टाके घालायच्या आधी, आणि ड्रेसिंगच्या तर नक्कीच आधी. पट्टीनं ओढून बांधलेला कुठलाही अंगठा सरळच दिसतो. सेसमॉइड फटीत दिसलं तर तेव्हाच तोंड उघडा. सर वैतागतील. वैतागू द्या, हाड धरून ठेवणारा स्क्रू अजून काढता येतो.