अवघड वर्षाकडे मागे वळून कसं पाहावं

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनांत माझीच अक्षरं जास्त असतात: दूध दोन लिटर, सिलिंडर लावला, बाईंचा खाडा. गेल्या वर्षी ११ जूनच्या चौकोनात नुसतं 'बाबा' एवढंच लिहिलंय. त्या सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

डिसेंबरात मावशीने विचारलं, "कसं गेलं गं वर्ष?" मी म्हणाले, "वाईट." पुढे बोलायला काही सुचेना. त्या रात्री ते कॅलेंडर खाली काढलं आणि जानेवारीपासून वाचायला लागले. तेव्हा हळूहळू जी पद्धत सापडली, ती इथे सांगते आहे. तुमचं वर्ष आजारपणाचं असेल, नोकरी गेल्याचं असेल, घर मोडल्याचं असेल. कृती तीच आहे.

आधी वेळ ठरवा

३१ डिसेंबरच्या रात्रीच बसायला हवं असं काही नाही. पाडवा चालेल, वाढदिवस चालेल, एखादा साधा रविवारही चालेल. मात्र घरातलं माणूस जाऊन महिना-दोन महिनेच झाले असतील, तर आत्ता हे करू नका. तेव्हा दिवस ढकलणं हेच मोठं काम असतं. वही कुठे पळून जात नाही.

आठवणीवर विसंबू नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. डॅनिअल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाण्याचा गारठा किंचित कमी होत गेला. पुन्हा कोणता प्रकार कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळचा निवडला. मन सगळा काळ मोजत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच धरून ठेवतं.

माझ्या वर्षाचा तीव्र क्षण जूनमधला होता. शेवट डिसेंबरातल्या तापाचा आणि पुन्हा दवाखान्याच्या फेऱ्यांचा. मधले महिने मनाने पुसूनच टाकले होते.

म्हणून पुरावे गोळा करा. भिंतीवरचं कॅलेंडर. डॉक्टरांची फाइल, तारखांसकट. फोनमधले फोटो महिन्यामहिन्याने पाहा. चांगले आलेलेच नव्हे, हललेले आणि चुकून काढलेलेही. घरच्या ग्रुपवरचे जुने निरोप आणि आवाजातले निरोप. बँकेच्या नोंदीही बघा, त्यातून फार काही निघतं. जुलैतल्या एका रात्री साडेनऊला आइस्क्रीमच्या दुकानात मी ९० रुपये दिलेले दिसले. आधी काही आठवेना, मग लख्ख आठवलं: दवाखान्यासमोरच्या पायरीवर मी आणि भाऊ, दोघंही दमलेले, न बोलता कुल्फी खात बसलो होतो. किती वर्षांनी असे शेजारी बसलो होतो आम्ही!

डावं पान: जे सोसलं ते

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक महिन्याला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर जे जड गेलं ते लिहा, आणि ते आधी लिहा. दुःखाला बाहेर ठेवून आनंद आठवायला बसलं की ते दारावर धडका देत राहतं.

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहिलं. काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा लिहून उठल्यावर डोळे भरले तर घाबरू नका. एका बैठकीत एक-दोन महिन्यांपेक्षा पुढे जाऊ नका. पण उदासी दिवसेंदिवस उतरतच नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. ही टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

उजवं पान: छोटं आणि तारखेसकट

इथे 'कुटुंबाचं प्रेम मिळालं' असं मोघम लिहू नका. असं लिहिलेलं वर्षभराने कोरडं वाटतं. कोण आलं, काय खाल्लं, कधी हसू आलं, कोणत्या रात्री गाढ झोप लागली, हे विचारा.

माझ्या उजव्या पानावरची सगळ्यात मोठी नोंद गणपतीतली आहे. बाबांना तोवर माझं नावही घेता येत नव्हतं. आम्ही आरती सुरू केली आणि खुर्चीत बसलेले बाबा शब्दन् शब्द म्हणायला लागले. टाळ्यांचा ठेका डाव्या हाताने मांडीवर. भावाने फोनवर टिपलंय ते, ३८ सेकंद. नंतर वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं की असं पुष्कळांच्या बाबतीत होतं: बोलणं गेलं तरी पाठ असलेली गाणी, प्रार्थना शाबूत राहतात. आणि हा प्रसंग मी डिसेंबरपर्यंत विसरले होते! पुढच्याच आठवड्यात ते पडले होते, त्या काळजीने आरती झाकून टाकली.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. उजवं पान लिहिताना अपराधी वाटतं. घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं आणि आपण कुल्फी खाल्ली, हसलो, हे कागदावर कसं आणायचं? आणा. त्या कुल्फीने बाबांचं काही कमी झालं नाही. ही जमाखर्चाची वहीही नाही; दोन्ही पानांची बेरीज-वजाबाकी करू नका. आरती होती आणि पडणंही होतं. एखादा महिना उजवीकडे कोराच राहिला तर कोरा राहू द्या.

काय यायला लागलं, ते क्रियापदांत लिहा

'मी खंबीर झाले' हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. त्याऐवजी शेवटच्या पानावर दोन रकाने करा: वर्षाच्या सुरुवातीला येत नव्हतं, आता येतं.

मला आता माणसाला न उठवता चादर बदलता येते: कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी तिथवर अंथरायची, दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्यायची. विम्याचा फॉर्म भरता येतो. "मला एकटीला जमत नाहीये, तू ये," असं भावाला सांगता येतं. हे शिकायला चादरीपेक्षा जास्त दिवस लागले. सुटलेलंही लिहा. माझं सकाळचं फिरणं सुटलं, वाचन सुटलं. आणि हे सगळं शिकवायला दुःख आलं होतं असं लिहायची गरज नाही. बाबा धडधाकट असते आणि मला चादर बदलता आली नसती, तर मला हवंच होतं.

मग वही घेऊन माणसांकडे जा

कॅलेंडरवर जुलैत सलग २३ दिवस 'डबा' असं लिहिलेलं सापडलं. तो शेजारच्या काकूंचा. मी ते पान त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनाही आकडा माहीत नव्हता.

शेवटी, ज्यांच्यासोबत ते वर्ष काढलं त्यांना उजवी पानं वाचून दाखवा. आपल्याला न दिसलेलं त्यांना दिसलेलं असतं. मी बाबांना वाचून दाखवलं. नोव्हेंबरला आले आणि म्हणाले, "या महिन्यात काही नाही, बाबा." त्यांनी मान हलवली, डावा हात खिडकीकडे केला. बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, "पोपट."

परसातल्या पेरूवर रोज सकाळी येत होते म्हणे. मी लिहून घेतलं.