गिझर बाथरूमबाहेर काढला, त्याची गोष्ट

डिसेंबरात नागपूरचा पारा 10 अंशांच्या खाली उतरला की महाल भागातल्या आमच्या घरी गॅस गिझरला उसंत नसते. मागच्या हिवाळ्यात आईला अंघोळीनंतर दोनदा चक्कर आली. आम्ही बीपीवर ढकललं. तिसऱ्यांदा माझंच डोकं जड झालं, तेव्हा वर पाहिलं. ज्योत निळी नव्हती, पिवळट होती आणि वरच्या पत्र्यावर काजळी. झरोक्याला थंडीसाठी पुठ्ठा लावलेला. तोही मीच लावलेला!

जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती झाली तर वास येईलच, या भरवशावर मी होतो. पण तो वास सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. या विषारी वायूला वासच नाही.

मेकॅनिक आला, पाहिलं नि म्हणाला, "भाऊ, हा इथं लावलाच काहून?" बर्नर साफ करून त्याने गिझर मागच्या उघड्या गॅलरीत नेला, गरम पाण्याचा पाइप तेवढा भिंतीतून आत घेतला. जुनी तडकलेली नळी फेकून आयएसआय छापाची लावली. मग सगळ्या जोडांवर साबणाचा फेस. रेग्युलेटरपाशी बारीकसा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. वॉशर बदलला, तेव्हा थांबला. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत म्हणे.

पुठ्ठा काढला. चक्कर नाही. आईची तक्रार एकच: पहिलं तांब्याभर पाणी आता गार येतं.